गाळ काढायच्या दिवशी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की आपल्या घरात कुणाचं मन लागेनासं झालं की तो सरळ “माझ्यापाशी बस” असं का म्हणतो. हे तुमच्या खापरपणजोबांपासून, म्हणजे माझ्या सासऱ्यांपासून आलं. क्रमाने सांगते.

मी पुण्याहून लग्न होऊन तळवड्याला आले तेव्हा मामंजी पंचेचाळिशीचे होते. सायकलवरून देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला जायचे, सुट्टीला शेत बघायचे. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बजावलं, त्यांना एकट्याला विहिरीवर जाऊ द्यायचं नाही. काही वर्षांपूर्वी ते तिथे जीव द्यायला गेले होते. का, ते मला कधीच कळलं नाही. शेजाऱ्यांनी त्यांना वाचवलं. तेव्हा तो गुन्हा धरत, पोलीस येत. म्हणून सगळ्या वस्तीने एकच सांगितलं, पाय घसरला.

तेच पुढे चालू राहिलं. पारावरची माणसं थट्टा करायची, “राव, जपून. हितं वल हाय.” मामंजी हसायचे आणि घरी येऊन अंगणात येरझाऱ्या घालायचे. सासूबाई भाकरी थापता थापता पावलं ऐकायच्या. पावलं थांबली की मला खूण करायच्या, आणि मी घागर उचलून उगाचच बाहेर जायची. त्यांना ते कळत होतं.

विहीर चार घरांची सामाईक. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा, आणि प्रत्येक घरातला एक पुरुष आत उतरायचा. आमच्याकडून माझे यजमान उतरत. त्या वर्षी ते तापाने अंथरुणाला खिळले होते.

मामंजींनी धोतर खोचलं.

“गडी लावू की,” सासूबाई म्हणाल्या.

“घरात बाप्या माणूस असताना?”

“तुमी नगा जाऊ.”

“मग सूनबाईला पाठव काठावर. एरवी पाठवतीसच.”

मी काठावर गेले. एका जागी उभं राहवेना. खाली चौघे गुडघाभर चिखलात उभे होते, घमेली हातोहात पुढे सरकत होती. शेजारचे म्हातारे शेतकरी खालून म्हणाले, “राव, पाय रोवून ऱ्हावा. तुमचा पाय लई वंगाळ.”

बाकीचे हसले. मामंजी हसले नाहीत.

“पाय न्हवता घसरला,” ते म्हणाले. “जीव द्यायला आलो व्हतो.”

विहिरीत आवाज घुमतो. काठावरच्या बायकांनाही ऐकू गेलं. घमेलं मध्येच थांबलं.

“ठाव हाय,” म्हातारे म्हणाले. “मीच वढलं तुमाला. वाटलं, तुमी इसरला आसाल.”

“एक दिस न्हाई इसरलो.”

“मग सांगायचं व्हतं. थट्टा केली आसती व्हय आमी?” मग घमेलं पुढे करत, “आता धरा ते घमेलं. हात भरून आला माझा.”

मामंजींनी घमेलं धरलं.

त्या संध्याकाळी येरझाऱ्या होत्याच, उलट जास्तच. एकदम पावलं थांबली. सासूबाईंनी खूण केली, मी घागर उचलली. तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

“घागर ठेव, पोरी. आज जीव थाऱ्यावर न्हाई माझा. तुझ्या सासूला म्हणावं, माझ्यापाशी बस.”

सासूबाई पिठाच्या हातांनी तशाच उठल्या. तव्यावरची भाकरी मी उलटली.