हारुको-सानच्या गाण्यात मी ओरडले

कबूल करूनच टाकते. जपानात, कोबेतल्या एका तळघरात, गाणं ऐन रंगात असताना, मी "वाह! क्या बात है!" असं ओरडले आणि एका गाणाऱ्या मुलीचं काम घालवलं. वय बावीस, साडी कोरी, अक्कल त्याहून कोरी.

यांची नोकरी मोत्यांच्या कंपनीत, म्हणून ग्वाल्हेर सुटलं. पडावच्या स्टेशनवर गाडीत बसवताना आई म्हणाली होती, "तिकडे तोंड जरा आवर गं. इथले लोक ओळखीचे आहेत, सोसून घेतात." मी हसले होते. तिथे पोचल्यावर भीती अशी बसली की दाराची घंटा वाजली तरी मी मोरीत जाऊन लपायची. शेजारीण वाकली की मी तिच्याहून खाली वाकायची, मग ती आणखी. दोघी जिन्यातच अडकायचो.

एका रविवारी दुपारी यांच्या साहेबांनी आम्हाला जॅझ ऐकायला नेलं. हारुको-सान गात होती, माझ्याच वयाची. शब्द एक कळेना. पण एक सूर तिने असा लांबवला आणि अलगद सोडला, की माझा हात आपोआप वर गेला. ग्वाल्हेरला, खासगी बाजारातल्या आमच्या घरी गाणं व्हायचं, तेव्हा चांगल्या जागेला दाद दिली नाही तर आजोबा डोळे वटारायचे. इथे कपबशीसुद्धा वाजत नव्हती. मी ओरडले, पियानोवाल्याचे हात थांबले, ती पुढची ओळ विसरली. साहेब माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत होते.

पुढच्या रविवारी तळघराच्या दारावरच्या पाटीवर गाणारीचं दुसरंच नाव होतं.

नंतर ती मोठी झाली. रेकॉर्डी, रेडिओ, टीव्ही. केस पिकले तरी गात राहिली. मी मुलं वाढवली, जपानीत भांडायलाही शिकले, पण तिचं पोस्टर दिसलं की रस्ता ओलांडायची. ती ओळखेल, बोट दाखवेल, "हीच ती!" काय तोरा बघा माझा! जशी ती बाई माझीच वाट बघत बसली होती!

हे गेल्यावर मी ग्वाल्हेरला परतले. आता इथे भावाची नातसून म्हणते, "आजी, आप बैठो ना, मी करते." मैफलीत लोकांचे हात मोबाईल धरण्यात गुंतलेले. मी मात्र दाद देते, जोरात. पुढचे वळून बघतात, बघू देत. माझ्यासारख्या परदेशी गेलेल्या पोरांनो, घर म्हणजे मला आता एवढंच: जिथे चूक झाली तरी पळून जावंसं वाटत नाही.

ही हिंमत आली ती कोबे सोडायच्या आदल्या रविवारी. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच तिच्या कार्यक्रमाला गेले, शेवटच्या रांगेत श्वास धरून बसले. संपल्यावर तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.   ती म्हणाली:

"हो, काढलं मला. तीन महिने हॉटेलात भांडी घासली. पण गाताना त्या जागी मी अजून थांबते, कोणी ओरडेल म्हणून. पन्नास वर्षं झाली, परत कोणी बोललंच नाही. तू तर आज समोर होतीस, मग गप्प का बसलीस?"