वाऱ्यानं न विझणारा दिवा

मालवणच्या बाजारात हिराला मासळीत फसवणारा अजून जन्माला यायचा होता. बांगडा कालचा की आजचा, हे ती लांबूनच नुसत्या डोळ्यांवरून सांगायची. गिऱ्हाइकानं फार घासाघीस केली की असा टोला हाणायची, की शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण बासष्ट सालच्या कार्तिकानंतर त्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. पाटी रिकामी झाली की बाई तडक दिव्यांच्या दुकानात. हा दिवा बघ, तो दिवा बघ, वात बघ, काच वाजवून बघ. "हिराक दिव्याचा पिसा लागला," बायका म्हणायच्या. लागलंच होतं. लागणार नाही तर काय होणार हो!

तिचा एकुलता एक मुलगा सत्यवान. बावीस वर्षांचा, बापापेक्षा वीतभर उंच. बाप गंगाराम आणि तो, दोघं उलांडी लावलेल्या होडीतून रात्री मासे मारायला जायचे. होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला दोन दांड्यांवर जो ओंडका बांधतात, ती उलांडी. गंगारामचा डोळा तर साऱ्या किनाऱ्यावर नावाजलेला. काळोख्या रात्री बांगड्याचा थवा पाण्याखालून चालला की पाणी हिरवट चमकतं. तो चमकारा दुसऱ्या कुणाला दिसायच्या आधी गंगारामला दिसायचा. लोक त्याच्या होडीच्या मागे मागे होड्या न्यायचे.

त्याच दोन-तीन वर्षांत त्या समुद्रात यंत्राच्या लाँची फिरायला लागल्या. धडधडत यायच्या, होड्यांची जाळी फाडून पुढे जायच्या, आणि सकाळी कोण गेलं म्हणून विचारलं तर कुणीच नाही. त्या कार्तिकातल्या अमावास्येला एका लाँचीनं गंगारामची होडी मधोमध कापली. गंगाराम उलांडीला मिठी मारून सकाळपर्यंत तरंगत राहिला. सत्यवान तिसऱ्या दिवशी आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी सापडला. हिरानं त्याला ओळखलं ते कमरेच्या करगोट्यावरून. त्यापुढचं सांगवत नाही.

चौकशी झाली. कचेरीत साहेबानं विचारलं, "होडीवर बत्ती होती का?"

गंगाराम उभा होता. आयुष्यात कधी बोलला नव्हता अशा शुद्ध भाषेत तो म्हणाला, "होती साहेब. पण वाऱ्याने विझली."

साहेबानं लिहून घेतलं. लाँचवाल्यांना बत्ती दिसली नाही, बत्ती वाऱ्यानं विझली होती, दोष कुणाचाच नाही. कागद बंद झाला. हिरा कचेरीच्या पायरीवर बसून होती. तिच्या कानात तेवढंच एक वाक्य राहिलं. वाऱ्यानं विझली. म्हणजे तिच्या पोराला लाँचीनं मारलं नाही, समुद्रानं मारलं नाही. घरातल्या त्या जुन्या, चिरा गेलेल्या काचेच्या कंदिलानं मारलं. आणि तो कंदील रोज संध्याकाळी पुसून होडीत ठेवायची कोण? तीच. काच बदलायला हवी, बदलायला हवी म्हणत दोन महिने तिनंच घालवले होते. त्या रात्री दारातल्या माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती, हे तिला आठवायचं. पण दर्यावरचं वारं वेगळं, असं ती स्वतःला समजवायची आणि पुन्हा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची.

पोट काही थांबत नाही. महिन्याभरानं गंगाराम भावकीतली एक जुनी, एकट्यानं वल्हवायची होडी घेऊन पुन्हा रात्रीचा जायला लागला. आणि हिराचा जीव टांगणीला लागला. एक गेला. आता दुसराही त्याच काळोखात, त्याच लाँचींच्या वाटेवर. तिला एकच गोष्ट हवी होती. वाऱ्यानं विझणार नाही असा दिवा, आणि तोही तिच्या ऐपतीतला. मोठी गॅसबत्ती तिला परवडणार नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

आधी तिनं घरच्या घरी केलं. नारळाच्या करवंटीत उंडीच्या बियांचं तेल, जाड वात, वर दुसरी करवंटी उपडी. सकाळी गंगारामनं ती वाळूवर ठेवली आणि म्हणाला, "इझलो." मग रॉकेलची बाटली, तिच्या बुचातून वात. "इझलो." मग हिरा गेली सायकलच्या दुकानात बाबूकडे. बाबूनं कार्बाइडचा दिवा पुढे केला.

"वयनी, ह्यो घेवा. वरसून पाणी थेंब थेंब पडता, आत गॅस होता, आणि उजेड असो पडता की समोरचो डोळे झाकता."

"वाऱ्यान इझता काय, ता सांग. बाकीचा पुराण नको."

"सायकल पळता तेव्हा वारो लागणा नाय? थंय इझणा नाय, मगे होडयेर कित्या इझात?"

घेतला. तोही परत आला. आतले कार्बाइडचे खडे जवळजवळ तसेच होते. तेवढ्यापुरतं तोंडाचं कुलूप उघडून हिरानं बाबूला दुकानात जाऊन असं धुऊन काढलं की चार गिऱ्हाइकं जमली. बिचारा बाबू, त्याचा काय दोष! मग एका मुंबईकराची जुनी बॅटरी आली, ती खाऱ्या पाण्यानं गंजली. मग एक छोटा कंदील, नव्या काचेचा. दरवेळी सकाळी तेच. गंगाराम वाळूवर दिवा ठेवायचा, तिच्याकडे न बघता "इझलो" म्हणायचा आणि जाळं झाडायला लागायचा. हिरा वात चिमटीत धरून बघायची. वात जेमतेम काळी झालेली असायची. म्हणजे होडी किनाऱ्यापासून चार हात जात नाही तोच मेला विझला! ती त्या दिव्याला शिव्या घालायची, अगदी माणसाला घालाव्यात तशा.

रात्री तिला झोप नसायची. समुद्राकडे तोंड करून ती ओट्यावर बसायची. लांबून लाँचीची धडधड आली की मुठी आवळायच्या, धडधड गेली की सोडायच्या. पहाटे होडी दिसेपर्यंत हेच. अशानं माणसाचं काय होतं? गालफडं बसली, केस गेले. बाजारात बायका तिला तिचा ठरलेला भाव मागायच्या आणि ती बघत राहायची, कशाचा भाव म्हणून.

दुसरा कार्तिक सरत आला. अमावास्या आता आठवड्यावर होती. हिरानं शेवटचा उपाय म्हणून पत्र्याचे डबे झाळणाऱ्या शंकरला गाठलं. त्याच्यापुढे तिनं एक जाड काचेची गोळ्यांची बरणी ठेवली, रॉकेलचा एक डबा ठेवला आणि पदर खोचून समोर बसली. बरणी उपडी करायची, डब्यात घट्ट बसवायची. हवा घ्यायला भोकं ठेवायची ती तळाशी, आणि त्या भोकांपुढे पुन्हा पत्र्याची आडभिंत, म्हणजे हवा वळून जाईल, वारा सरळ घुसणार नाही. धूर वर, बरणीच्या बुडाला पाडलेल्या भोकातून, पत्र्याच्या टोपीखालून. हे सगळं तिनं वर्षभर दिव्यांची उघडझाप करता करता स्वतःच शोधून काढलं होतं.

शंकर हसला. "वयनी, तुमका दिवो व्हयो की किल्लो?"

"काय व्हया ता म्हण. पण वारो आत शिराक नये, आणि काच फुटाक नये."

शंकरनं तीन वेळा झाळला, तीन वेळा उलगडला. चौथ्यांदा जमला. सुक्या बांगड्यांची माळ त्याच्या पुढ्यात टाकून हिरा तो दिवा उराशी धरून घरी आली.

संध्याकाळी तिनं तो पेटवला आणि किनाऱ्यावर नेला. तोंडानं फुंकलं. ज्योत हलली, पुन्हा सरळ झाली. सूप आणून सपासप वारा घातला. पाण्याचा ओंजळभर शिपका मारला. काच चुरचुरली, पण ज्योत जागच्या जागी. हिरा वर्षानंतर पहिल्यांदा आनंदानं बोलली. ओरडलीच म्हणा ना. "ओ! बघा हडे! सुपान वारो घातलंय तरी इझणा नाय!"

गंगाराम होडीला टेकून उभा होता.

"ह्यो दिवो त्या राती असतो," ती रडत हसत म्हणाली, "तर माजो झील आज हंय बसान जेवत असतो. माजाच चुकला. मीच ती काच बदलूक नाय. मीच मारलंय तेका."

"हिरा," गंगाराम म्हणाला, "बस गो जरा."

ती बसली नाही.

"तो दिवो वाऱ्यान इझाक नाय. वारोच नाय होतो त्या राती." त्याचा आवाज इतका खाली होता की तिला पुढे वाकावं लागलं. "थवो इलेलो. मोठो. दिव्याच्या उजेडान माका चमक धड दिसा नाय होती. मी म्हटलंय, सत्या, इझव तो. तेणा म्हटल्यान, बाबा, लाँच येता. मी म्हटलंय, लाँच दूर आसा, इझव मुकाट. तेणा फुंकर मारल्यान."

सगळेच असं करतात. थवा जवळ आला की दिवा विझवतात, तिचा बाप विझवायचा, सासरा विझवायचा. त्यांच्या काळात काळोखातून येणारं दुसरं काही नव्हतंच.

"मगे ह्ये दिवे?" हिरानं विचारलं. "वर्सभर मी ह्ये दिवे..."

"एकव पेटवूक नाय. पेटवूक गेलंय काय तेचा तोंड दिसता. तेल दर्यात ओततंय, वात जरा भाजतंय, आणि तुका इझलो म्हणान सांगतंय."

हिरानं त्याला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर, तोंडावर, जिथे लागेल तिथे. तो उभा राहिला. शेवटी तिचेच हात थकले, आणि ती वाळूत बसून अशी ओरडली की वाडीतले कुत्रे भुंकायला लागले. एक वर्ष तिनं स्वतःला खुनी म्हणवून घेतलं होतं. एक वर्ष हा माणूस समोर बसून ते ऐकत होता.

मग घरात बोलणं बंद. चूल कधी पेटली, कधी नाही. गंगाराम समुद्रावर गेला नाही. ती पाटी घेऊन बाजारात गेली नाही. तो कोपऱ्यात, ती ओट्यावर. त्याचं तोंड बघितलं की ती पाठ फिरवायची, आणि तो दिसला नाही की ती उठून बघायची. कुणाला सांगणार? सांगून काय होणार? पोर थोडंच परत येणार!

अमावास्येला काळोख पडल्यावर गंगाराम उठला आणि किनाऱ्याकडे गेला. हिरा जागची हलली नाही. जाऊ दे. मग तिची नजर अंगणात गेली. जाळं दांडीवर वाळतच होतं.

दिवा कसा पेटवला, किनारा कसा गाठला, तिला कळलं नाही. त्यानं होडी पाण्यात लोटली होती. हिरा गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिनं होडीचा काठ धरला.

"जाळा दांडयेर आसा. मगे तुमी खंय चललात?"

त्यानं वल्हं उचललं. हिरा होडीत चढली. होडीत बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, अशी तिकडची रीत.

"उतर गो," गंगाराम म्हणाला. "बायलमाणसान होडयेत..."

"गप रवा. खंय जावचा आसा थंय चला. दिवो माज्या हातात ऱ्हवतलो."

ती पुढे बसली, तो मागे. त्यानं वल्हवलं. कुठे चाललाय हे तिनं पुन्हा विचारलं नाही, तिला ठाऊक होतं. मधे एकदा डावीकडचं पाणी हिरवट चमकल्यासारखं वाटलं. दोघांनी तिकडे बघितलं. दिवा तसाच पेटता राहिला. एका जागी त्यानं वल्हं आत घेतलं आणि होडी तशीच सोडून दिली. तीच जागा असणार.

बऱ्याच वेळानं धडधड ऐकू आली. ओट्यावरून ऐकलेली धडधड वेगळी आणि ही वेगळी. ही बुडाखालच्या फळ्यांतून अंगात येत होती. काळोखातून काहीतरी मोठं सरळ त्यांच्यावर येत होतं. गंगारामनं वल्ह्याला हात लावला नाही. हिरा गुडघ्यांवर उठली आणि दोन्ही हातांनी दिवा डोक्यावर धरला. ज्योत हलत नव्हती.

"ओऽ, दिवो!" लाँचीवरून कुणीतरी ओरडलं. "होडी आसा थंय! फिरव, फिरव!"

लाँच वळली. पन्नास हातांवरून निघून गेली. कुणीतरी दोन शिव्या हासडल्या. लाटेनं होडी दोनदा जोरात उचलली, आपटली, मग स्थिर झाली. एवढंच. इतकं सोपं होतं ते.

"दिसलो तेंका," गंगाराम म्हणाला.

"व्हय," हिरा म्हणाली. "तेव्हाय दिसलो असतो."

तेव्हा तो रडला. वर्षात पहिल्यांदा, तोंड उघडून, लहान पोरासारखा. हिरानं त्याला रडू दिलं. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, माफ केलं असंही ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

"वल्हा घेवा," ती म्हणाली. "घराक चला."

किनाऱ्याला लागेपर्यंत दिवा तिनं खाली ठेवला नाही, आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही.