काळ्याच्या जागी पांढरा

मंडळी, आज दुपारचं सांगतो.

टी-शर्टवर छापायच्या चित्राचे रंग मी कॉम्प्युटरवर वेगळे करून देतो. प्रत्येक रंगाची एक फिल्म, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद; त्यावरून कारखान्यात तो रंग छापतात. पण सगळ्या फिल्मवरचं चित्र काळंच, म्हणून छापणाऱ्याला कळावं यासाठी कोपऱ्यात रंगाचं नाव टाकावं लागतं.

माढ्याच्या पोरांची ऑर्डर होती. त्यांचा कॅप्टन अपघातात गेला, त्याच्या आठवणीत क्रिकेटचे सामने. पिवळ्या टी-शर्टवर डोळे मिटून हसणारा त्याचा चेहरा, पंचविशीतला.

चिंचोळी एमआयडीसीतून छापून आलेला नमुना बघायला आज त्याची आईच आली. मी घडी उलगडली. केस पांढरे, मिशा पांढऱ्या! काळ्याच्या फिल्मवर मीच ‘पांढरा’ लिहिलं होतं!

“काकू, लई मोठी चूक झाली, बदलून देतो,” म्हणत मी टी-शर्ट ओढला. त्यांनी सोडलाच नाही. मिशांवरून बोट फिरवत म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे की बाळा. म्हातारा झाल्यावर आसाच दिसला आस्ता.”

टी-शर्ट छातीशी धरून त्या गेल्या.

बाकीच्या टी-शर्टसाठी मी नवी फिल्म काढलीय. नमुन्यासोबत परत आलेली चुकलेली फिल्म अजून टेबलावरच आहे. तुम्ही फाडली असती का?