आबांची गाठ आणि भिंगरीची गाठ

पापुद्रेबाईंचं खरं नाव लॅबमध्ये आता कुणाच्या लक्षातही नाही. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा आणि यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे त्यांचं काम. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, अलगद काचेवर उचलायचा, रंगवायचा. मग डॉक्टर तो भिंगाखाली बघणार. उभी हयात यात गेली. बाई तोंडाच्या फटकळ, पण कापाला कधी सुरकुती म्हणून नाही!

एकाच अवयवाचा तुकडा आला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. स्वादुपिंड. जठराच्या मागे दडून बसलेली ती ग्रंथी. तिथल्या गाठी निबर, पात्याखाली करकरणाऱ्या, आजूबाजूला घुसलेल्या. त्यांच्या वडिलांना, आबांना, तसलीच झाली होती. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि हां हां म्हणता आबा गेले.

आणि आता भाचीच्या स्वादुपिंडात गाठ! भाची म्हणजे भिंगरी, धाकट्या बहिणीची शाळकरी पोर, एका जागी बसेल तर शपथ. सायकलवरून आपटली, हँडल पोटात लागलं, म्हणून स्कॅन केला तर ही गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली. बहिणीने विचारलं, "ताई, तू तर रोज हेच बघतेस. सांग ना, आबांसारखंच का गं?"

एरवी समोरच्याला बोलू न देणाऱ्या पापुद्रेबाई "रिपोर्ट येऊ दे," एवढंच म्हणाल्या. बहिणीने काय समजायचं ते समजून घेतलं. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

घरच्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही, हा लॅबचा नियम. त्यामुळे भिंगरीचा तुकडा गेला शेजारच्या यंत्रावर, मिशाळभाऊंकडे. पण पापुद्रेबाई कुठल्या स्वस्थ बसायला!

"अहो, मेण नीट गार करा आधी! पातं नवं लावलंत ना?"

"बाई, चहा घेऊन या," मिशाळभाऊ वैतागले. "नाहीतर सरळ गावाला जाऊन या!"

यंत्र फिरलं आणि बाईंनी कान टवकारले. करकर नाहीच! काप सुळकन निघाला. पाण्यावर पसरला, तर गाठीभोवती स्वच्छ, रेखीव कड.

"थांबा! हा भिंगरीचा नाही! तुकडा बदललाय कुणीतरी! स्वादुपिंडाची गाठ अशी असते होय?"

झालं! बाईंनी लॅब डोक्यावर घेतली. डबे उघडले, क्रमांक ताडून पाहिले, मिशाळभाऊंच्या मिशा घामाने भिजल्या. इतक्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. तुकडा भिंगरीचाच होता. मग त्यांनी काच भिंगाखाली धरली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या एक खास रंग लावून बघू. तोवर मी काही बोलणार नाही, बाई, आणि तुम्हीही बोलू नका." ती रात्र बाईंनी कशी काढली ते त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. "या, बघा! पेशींचे गाभे कसे तपकिरी झालेत!"

"म्हणजे चांगलं का वाईट? लवकर सांगा हो, जीव जाईल माझा!"

"चांगलं! तुम्ही आजवर कापल्यात त्या मोठ्यांच्या गाठी. त्यांची गाठ बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या नळ्यांच्या अस्तरातून उठते आणि आत शिरत जाते. मुलांना मुळात तिथे गाठ होणंच दुर्मीळ, आणि झालीच तर तिची जात निराळी. भिंगरीची ही त्यातलीच, तपकिरी गाभे तेच सांगतात; ती वयात येणाऱ्या मुलींना, तरुण बायकांना होते. मऊ, आवरणातली, सावकाश वाढणारी. पूर्ण निघाली की बहुतेकजणी बऱ्या होतात."

"मग इतक्या वर्षांत मी एकही कशी पाहिली नाही?"

"तरुण बायकांतही ती क्वचितच, आणि आपल्याकडे मुलं येतातच कुठे?"

"आणि पूर्ण निघाली का?"

"कापलेली कड मोकळी आहे, तिथे गाठीची एकही पेशी नाही. तपासणीला मात्र कित्येक वर्षं यावं लागेल, ते चुकवायचं नाही."

पुढचं ऐकायला बाई होत्या कुठे? लिफ्टची वाट न बघता जिना चढत सुटल्या. एक चप्पल मध्येच राहिली. वॉर्डाच्या दारात बहीण उभी होती. ताई अशी धावत येताना बघून ती भिंत धरून खाली बसली.

बाईंना धाप लागलेली, धड बोलवेना. "आबांची नाही!" त्या ओरडल्या. "आबांची नाही गं ती!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. आतून खाटेवरून भिंगरी म्हणाली, "मग कुणाची आहे, मावशी?"

"तुझी! तुझी एकटीची, भवाने! आणि सगळीच्या सगळी निघालीय!"

बहीण ताईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. बाईही रडल्या, आनंदाने, अगदी मोठ्याने. मग पदराने डोळे पुसत बहीण हळूच म्हणाली, "ताई, काहीतरी खायला आण ना. भूक लागलीय मला."