लगाम सोडल्याचे पेढे

“उजवा हात बाजूने वर उचला,” मी म्हणाले.

समोरच्या गृहस्थांनी खांदा कानाकडे ओढला आणि अख्खं अंग डावीकडे झुकवलं. चेहरा मात्र परेडवर उभं असल्यासारखा सरळ ठेवला. हात वीतभरही वर गेला नाही.

“गेला की वर,” ते म्हणाले.

“खांदा वर गेला. हात आहे तिथेच आहे.”

अनया, तू फोनवर विचारलंस, घोड्यावरून पडायचं कसं. तुझी आई मागून म्हणाली, आजीला घोड्यातलं काय कळतंय. घोड्यातलं मला खरंच काही कळत नाही. पडण्यातलं कळतं. तीसेक वर्षं मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट होते. पडलेल्या माणसाचे सांधे आणि स्नायू व्यायामाने पुन्हा कामाला लावायचे, हा आमचा धंदा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर परदेशी कॉलच्या पाच मिनिटांत मावणारं नाही, म्हणून लिहिते आहे. तुझ्या भावाला, निखिललाही वाचून दाखव.

हे गृहस्थ म्हणजे दफेदार निकम. साताऱ्याकडचे. लष्कराच्या घोडदळात चोवीस वर्षं नोकरी केलेली, नवीन पोरांना घोड्यावर बसायला शिकवलेलं. बायको वारलेली. रिटायर झाल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात लागले होते. हॉटेलमालकाने पर्यटकांसाठी एक घोडी घेतली होती, तिचं नाव लाली. दफेदार आणि लाली हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये राहत, मधे एक लाकडी फळी. ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवची, पाऊस सरत आला होता तेव्हाची.

सर्जनच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडले. खांद्याला मुका मार. एक्स-रे नॉर्मल. व्यायाम द्यावा.’

मुका मार असेल तर आम्ही पेशंटचा हात धरून हळूहळू बाहेर आणि वर नेतो, नाहीतर खांदा आखडतो. मी हात धरलाही होता. पण त्यांचा पंजा माझ्या हातात आला आणि मी थांबले.

बाथरूममध्ये पडणारा माणूस हात पुढे टेकतो. सगळा भार मनगटावर येतो आणि मनगट मोडतं. माझ्याकडे अशी मनगटं पावसाळाभर यायची. घोड्यावरून पडणारेही हात टेकतात, त्यांचं मनगट तरी मोडतं नाहीतर गळपट्टीचं हाड तरी. दफेदारांचं मनगट अगदी ठणठणीत होतं. पंजाच्या मागे मात्र दोन बोटं रुंद, कातडी सोलवटलेला पट्टा होता, दोरी करकचून ओढल्यावर पडतो तसा.

मी कापसाचा बोळा घेतला. “डोळे मिटा. कापूस लागला की ‘हो’ म्हणा.”

मनगटाला हो. कोपराला हो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला काहीच नाही. तिथे मी टाचणीचं टोकही लावलं. तरी काही नाही.

“दफेदार, युनिफॉर्मवर तुमच्या तीन पट्ट्या कुठे शिवलेल्या असायच्या?”

त्यांनी डोळे न उघडता डावा हात उचलला आणि नेमका तिथेच ठेवला. मग त्यांनी डोळे उघडले.

“तिथं मुंग्या पण लागत न्हाईत,” ते म्हणाले.

वैद्यकाच्या पुस्तकातही त्या जागेला बिल्ल्याची जागाच म्हणतात. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. तो निखळून पुढे घसरला, तर खालून जाणारी एक नस ताणली जाते. मग बिल्ल्याची जागा बधिर होते आणि हात बाजूने उचलणारा स्नायू बंद पडतो. म्हणजे यांचा खांदा निखळून पुन्हा जागेवर बसला होता. एक्स-रेत तो बसलेला दिसला, म्हणून नॉर्मल. आणि मी आता तो हात व्यायाम म्हणून बाहेर वळवला असता, तर माझ्याच टेबलावर पुन्हा निखळला असता.

“बाथरूम कितपत मोठं आहे तुमचं?” मी विचारलं.

त्यांनी डाव्या हाताने सदरा ओढून घेतला.

क्लिनिकमध्ये मदतीला असणाऱ्या शेवंताबाई दारातून म्हणाल्या, “त्या शेडात कसला आलाय बाथरूम. माझी बहीण थय झाडू मारते. हे विहिरीवर आंघोळ करतात.”

मग दफेदारांनी खरं सांगितलं. ओहोटीला ते लालीला ओल्या वाळूवर फिरवत होते. सुकायला टाकलेलं जाळं वाऱ्याने फडफडलं, घोडी बुजली. ते डावीकडून पडले. लगाम उजव्या पंजाला दोन वेढे घेऊन धरलेला होता, तो त्यांनी सोडला नाही. घोडीने त्यांना पन्नास पावलं ओढत नेलं. उठले तेव्हा खांदा जागेवर नव्हता. त्यांनी तोच लगाम सुरूच्या झाडाला बांधला, पंजात धरला आणि मागे रेलले. कट् आवाज झाला.

“लष्करी इस्पितळात बघितलेलं,” ते म्हणाले.

मुलांनो, हे कोणी कधीही करू नका. नस पडताना ताणली गेली की झाडाशी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“सर्जनना बाथरूम का सांगितलंत?”

“मालकानं बजावलंय. कोन घोड्यावरनं पडलं, तर त्याच दिवशी घोडी विकणार. दिवाळीला पाहुणं येत्यात. तवर मला खोगीर चढवता आलं पायजे.”

खोगीर घोड्याच्या पाठीवर, म्हणजे खांद्याच्या उंचीच्या वर चढवावं लागतं. बंद पडलेला स्नायू नेमका त्याच कामाचा होता. ताणून दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुन्हा वाढते, तेही वाढली तर. दिवाळी जेमतेम सहा आठवड्यांवर होती. मी हिशेब त्यांना तसाच सांगितला.

सर्जनना फोन केला. ते चिडले, आणि बरोबर चिडले. मग पुन्हा एक्स-रे, तीन आठवडे हात झोळीत, बाहेर वळवायचा नाही.

चौथ्या दिवशी मालकाचा फोन आला. “मॅडम, आमचा दफेदार बाथरूममध्येच पडला ना?”

“पेशंटचं पेशंटला विचारा.”

“म्हणजे घोडीवरून पडला.”

“म्हणजे मी सांगत नाही. तुम्ही दाखवायला आलात तर तुमचंही कोणाला सांगणार नाही.”

“हात दिवाळीपर्यंत चालेल का, तेवढं तरी सांगा.”

“तो हातच सांगेल,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दफेदार एक दिवसाआड यायचे. दुपारी एक वाजता रत्नागिरी झोपते, तेव्हा शेवटचे पेशंट म्हणून. तुमच्या आजोबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि तुमचे बाबा परदेशात होते. मलाही जेवायला घरी जायची घाई नसायची. ते फार बोलत नसत. लालीने काय खाल्लं, ते सांगत.

एकदा मी विचारलं, “पोरांना पडायला शिकवायचात का?”

“बसायच्या आधी पडायलाच शिकवायचं.” त्यांनी आमच्या व्यायामाच्या गादीकडे बोट केलं. “पहिलं, पाय मोकळं. रिकिबीत पाय अडकला तर मानूस फरफटतो, मग बाकीचं कायबी उपेगाचं न्हाय. लगाम सोडायचा. हनवटी छातीला. हात पोटाशी, जमिनीला टेकायला जायचं न्हाय. खांद्याच्या मागच्या मासावर पडायचं आन् घोड्यापास्नं लांब लोळायचं.”

“आणि मग?”

“मग पडून ऱ्हायचं. लगीच उठायचं न्हाय.”

यात माझी भर अशी. पडून राहिल्यावर आधी बोटं हलवून बघायची, हातांची आणि पायांची. मान दुखत असेल किंवा पाय जड वाटत असतील, तर कोणालाही उठवू द्यायचं नाही. आपल्याकडे चार माणसं धावतात, काखेत हात घालून बसवतात आणि पाणी पाजतात. मणक्याला इजा असेल तर त्या बसवण्यात ती वाढते. आणि अनया, हेल्मेटशिवाय खोगिराला हात लावायचा नाही. कवटीला फिजिओथेरपी नसते.

त्या दुपारी मी साडीचा पदर खोचला आणि गादीवर पडून बघितलं. पहिल्या वेळी हात टेकलाच.

“म्याडम, मनगाट ग्यालं,” दफेदार म्हणाले. चौथ्या वेळी म्हणाले, “आता जमलं.” शेवंताबाई बाहेर जाऊन हसून आल्या.

“तुम्हाला सगळं येतं,” मी म्हणाले. “मग लगाम का नाही सोडलात?”

त्यांनी झोळीची गाठ चाचपली.

“आमच्यात एक रीत हुती. घोडं रिकामं तबेल्याच्या लायनीत आलं आन् स्वार मागनं चालत आला, तर स्वारानं समद्यास्नी पेढं वाटायचं. समदी रांगेत हुबं ऱ्हाऊन खायची आन् हसायची.” मग म्हणाले, “चोवीस वर्सांत म्या एकदाबी वाटलं न्हाईत. पोरास्नी सोडायला शिकवलं. सोता कधी सोडला न्हाय.”

दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्या खांद्यावर बोट ठेवून मी म्हणाले, “उचला.” कातडीखाली काहीतरी थरथरलं. हात हलला नाही, पण स्नायू जागा झाला होता. आमच्या धंद्यात याला फ्लिकर म्हणतात, आणि त्यावर आम्ही महिनोन् महिने काढतो.

खोगिराचा प्रश्न तसाच होता. मी म्हणाले, “हात वर जात नसेल तर तुम्ही वर जा.” त्यांनी शेडजवळ जांभ्याचे चिरे रचून तीन पायऱ्या केल्या. त्यावर उभं राहिलं की लालीची पाठ त्यांच्या कमरेशी यायची. खोगीर डाव्या हाताने सरकवता येई. त्यांनी चढायचं नाही, फक्त घोडी डाव्या हाताने धरून चालवायची, एवढीच अट मी घातली.

मालकाने चिरे बघितले. “हे काय?”

“पाव्हण्यांना चढाय पायरी,” दफेदार म्हणाले.

ते खोटं नव्हतं. साडीतल्या बायका त्या पायरीवरून आरामात घोडीवर बसायला लागल्या. मालक खूश झाला. दिवाळी निघाली, नाताळ निघाला. जानेवारीत हात खांद्याच्या वर गेला आणि मी त्यांना घोडीवर बसायची परवानगी दिली.

फेब्रुवारीत एका दुपारी ते न बोलावता आले. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

“लागलं कुठे?”

“कुटंच न्हाय.”

“घोडी?”

“माझ्या आधी पोचली. हाटेलच्या दारात. समदं पाव्हणं व्हरांड्यात हुतं.” किनाऱ्यावरून ते एकटेच चालत आले होते. “लई लांब वाटलं.”

“मालक काय म्हणाले?”

“घोडी ठेवतो म्हनला. पायरी चांगलीय म्हनला. मला म्हनला, आता वय झालं, दुसरा मानूस बघितलाय.”

मला सवयीचंच सुचलं. “उजवा हात बाजूने वर उचला,” मी म्हणाले.

त्यांनी उचलला. दंड कानाला लागला. खांदा जागच्या जागी होता.

मी केसपेपरवर ‘डिस्चार्ज’ लिहिलं. शेवंताबाईंनी आणि मी उभं राहून एकेक पेढा खाल्ला. हसलं मात्र कोणी नाही. दुसऱ्या दिवशी ते कोल्हापूरच्या एस्टीने गेले. पुढे त्यांचं पत्र आलं नाही. मलाही पाठवता आलं नाही, कारण केसपेपरवरचा पत्ता हॉटेलचा होता.

आता उरलेलं. गेल्या श्रावणात, एका रविवारी सकाळी, मी मागच्या दारच्या पायरीवर शेवाळावरून घसरले. हातात भरलेली बादली होती. ती सोडली. हनुवटी छातीला, हात पोटाशी, खांद्याच्या मांसावर पडले आणि पडून राहिले. बोटं हलवली, सगळी हलली. उचलायला कोणी धावलं नाही, त्यामुळे चुकीच्या पद्धतीने उचललं जाण्याचा धोका नव्हता. आत फोन वाजत होता. रविवार सकाळ, म्हणजे तुम्हीच. तो वाजून वाजून थांबला, तरी मी घाई केली नाही.

संध्याकाळी तुम्ही पुन्हा फोन केलात, तेव्हा मी सांगितलं की बाजारात गेले होते.

पडण्याबद्दल मला कळलेलं एवढंच. हातातलं सोडायचं, आणि नंतर विचारणाऱ्याला खरं सांगायचं, कारण उपचार त्यावरच ठरतात. पहिलं मला जमलं. दुसऱ्याला एक वर्ष लागलं.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाव किलो पेढे आणले होते. शेवंताबाईंना दोन दिले. बाकीचे रोज एक, असे संपवले.