मंडळीचा आवाज

दीनानाथ गेले त्या सकाळी इंदुबाई रडली नाही. शेजारणी म्हणाल्या, धक्का बसलाय. तसं काही नव्हतं. श्रीधरभाऊ येणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं.

दीनानाथ पीएमटीत ड्रायव्हर होते, वाघोलीच्या रूटवर. लेक श्रद्धा लहान असताना इंदुबाईला मणक्याचा क्षय झाला आणि ती वर्षभर अंथरुणाला खिळली. तेव्हा हा माणूस अंधारात उठून स्वयंपाक करायचा, बायकोचं अंग पुसायचा, लेकीच्या दोन वाकड्यातिकड्या वेण्या घालायचा आणि मगच खाकी चढवायचा. हिला माहेरी पाठवा, असं नातेवाइकांनी सुचवलं, तर दीनानाथांनी त्या नातेवाइकांकडे जाणंच सोडलं.

रविवारी ते घोरपडीतल्या लहानशा चर्चमध्ये गायचे. गाणं शिकलेले नव्हते, पण गीताची पहिली ओळ त्यांनीच उचलायची, असा रिवाज पडून गेला होता. कुणाच्या घरी मयत झाली की पाळकांच्या, म्हणजे पाद्रींच्या, आधी दीनानाथांकडे निरोप जाई. ड्यूटी संपवून ते तसेच खाकीत जाऊन गात.

श्रद्धा कंपनीत लागली आणि एक दिवस म्हणाली, मी खालिदशी लग्न करणार. इंदुबाईनं अबोला धरला. दीनानाथ मात्र खालिदच्या आईला, शकीलाबाईंना, भेटून आले आणि म्हणाले की माणसं चांगली आहेत, पोरगी सुखात राहील. नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. दीनानाथांनी साक्षीदाराची सही केली.

पुढच्याच रविवारी श्रीधरभाऊंनी त्यांना गाणाऱ्यांच्या रांगेतून खाली उतरवलं. श्रीधरभाऊ चर्चचे सेक्रेटरी, आणि दीनानाथांचे बालमित्र. ज्याला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही त्यानं इथं उभं राहू नये, असं ते बोलले. दीनानाथ मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून गाऊ लागले. तो आवाज लपणार थोडाच! सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तेव्हा श्रीधरभाऊ स्वतः चालत आले, मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मनातल्या मनात म्हण."

त्यानंतर दीनानाथ कधी गायले नाहीत. घरीसुद्धा नाही. इंदुबाई चिडायची, त्या माणसाला एकदा चारचौघांत विचारते म्हणायची. ते म्हणत, "जाऊ दे इंदू. मित्र आहे माझा."

तिनं जाऊ दिलं नाही. त्यांच्या शब्दाखातर गप्प बसली, एवढंच. आणि आता तो शब्द टाकायला ते उरले नव्हते.

दफनाच्या उपासनेला चर्च भरून गेलं. श्रीधरभाऊ काळा कोट घालून पुढे आले. "दीनानाथ म्हणजे आपल्या मंडळीचा आवाज," त्यांनी सुरुवात केली. इंदुबाई उठून उभी राहिली.

"श्रीधरभाऊ, आपण बसा," ती म्हणाली. "तो आवाज कुणी बंद केला, ते मी सांगते. आपल्याला उगाच त्रास नको."

आणि तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता, भाजीवालीकडे भाव विचारावा तसं. श्रीधरभाऊंची नात दीक्षा गाणाऱ्यांच्या रांगेत उभी होती. इंदुबाई तिच्याकडे बघत बघत बोलली. पोरीचा काही दोष नाही, हे तिला कळत होतं. पण आजोबांविषयीचा मान त्या कोवळ्या चेहऱ्यावरून उतरत गेला, तशी इंदुबाईला कितीतरी वर्षांनी छातीत गार वाटलं.

शवपेटी उचलताना श्रीधरभाऊ खांदा द्यायला सरसावले. इंदुबाईनं त्यांना हातानंच बाजूला केलं आणि खालिदला पुढे बोलावलं.

श्रीधरभाऊंनी सेक्रेटरीपद सोडलं. दीक्षा गायची थांबली. इंदुबाईनं फार ताणलं, असं लोक बोलू लागले. पाळक समजावायला आले. तिनं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि दारापर्यंत पोचवलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात श्रीधरभाऊ स्वतः आले. खूप खंगले होते. जिना चढून धाप लागली होती.

"वहिनी, क्षमा करा मला."

"ज्यांची मागायची ते होते की इतकी वर्षं," इंदुबाई म्हणाली. "चार गल्ल्यांवर राहत होतात तुम्ही."

तिनं दार लावून घेतलं. ते बराच वेळ बाहेर उभे होते. त्यांचा श्वास तिला आतून ऐकू येत होता. दीनानाथ असते तर त्यांनी हाताला धरून मित्राला आत आणलं असतं, आणि तिच्यावर रुसून जेवले नसते. हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिनं कडीला हात लावला नाही.

ती अजून दर रविवारी चर्चला जाते, पहिल्या बाकावर बसते. प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणते. मधे अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ येते, तेवढी मात्र ती सोडून देते.