तिसऱ्या आठवड्याची गणती

कम्युनिटी कॉलेजची प्रेसिडेंट दिवसभर नेमके करते तरी काय, हा प्रश्न नागपूरची माझी बहीण मला अजूनही फोनवर विचारते. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कॉलेज म्हटले की पदवी डोळ्यांपुढे येते. इथे कॅनडातले कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपली आयटीआय, पॉलिटेक्निक आणि नर्सिंग स्कूल एका छपराखाली आणावीत, आणि संध्याकाळी त्याच खोल्यांत नोकरदारांचे वर्ग भरवावेत, तसे काहीसे. टोरोंटोजवळच्या ओकव्हिलच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर अशी एक संस्था मी चालवते. चालवते म्हणजे बहुतेक वेळ बैठकांत बसते आणि उरलेला वेळ पुढच्या बैठकीची तयारी करते. एरवी माझे आठवडे एकमेकांसारखेच असतात. फेब्रुवारीतला एक आठवडा मात्र तसा नव्हता.

आधी एक नियम समजावून सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

कॅनडात येण्यापूर्वी मी नागपूरच्या एका शाळेत सहा वर्षे गणित शिकवत होते. पटावर साठ मुले आणि बाकांवर चाळीस, हा फरक मी रोज पाहिला होता. त्यामुळे इथे उपाध्यक्ष झाल्यावर मी पहिला नियम लिहिला, तो गणतीचा. नोंदणीच्या कागदावर विसंबायचे नाही. हिवाळी सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक वर्गात जाऊन डोकी मोजायची. पटाच्या निम्म्याहून कमी डोकी भरली, तर तो वर्ग बंद करण्याच्या यादीत जाईल. पुढच्या वर्षाचे वेळापत्रक फेब्रुवारीत ठरते, म्हणून गणती जानेवारीअखेर. नियम साधा होता, कोणालाही समजेल असा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

परदेशी विद्यार्थी कमी झाल्यापासून इथल्या अनेक कॉलेजांप्रमाणे आम्हालाही वर्ग कमी करावे लागत आहेत. त्या वर्षी यादीत तीन वर्ग होते. माझ्या सहीने यादी नियामक मंडळाकडे गेली होती आणि गुरुवारी दुपारी मंडळ त्यावर मत देणार होते.

सोमवारच्या बैठकीनंतर आताचे उपाध्यक्ष माझ्या खोलीत थांबले. ते लुधियानाचे; चारचौघांत आम्ही इंग्रजीत बोलतो, दार लावले की हिंदीत (माझे बोलणे इथे मराठीत लिहिते).

“मॅडम, गुरुवार को कोई सरप्राइज़ तो नहीं?”

“उद्या मी तिन्ही वर्ग पाहून येणार आहे.”

“अब? काग़ज़ तो जा चुका।”

“वर्ग बंद करण्याआधी तो डोळ्यांनी पाहायचा, हा माझा दंडक आहे. या वेळी उशीर झाला, एवढेच.”

ते हसले. “आप देखने जाती हैं, तो मुझे टेन्शन होता है।”

मंगळवारी उणे चोवीस तापमान होते. दहा-बारा दिवस थंडीने हटायचे नाव घेतले नव्हते. फुलांच्या सजावटीचा वर्ग आणि जाहिरातकलेचा वर्ग मी सकाळी पाहिले. दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या, दोन्हीकडे शिक्षकांची अवघडलेली नजर. तिसरा वर्ग संध्याकाळी सहाचा होता: फर्नेसदुरुस्तीचा. फर्नेस म्हणजे तळघरातले ते यंत्र, जे सबंध घर उबदार ठेवते. इथल्या हिवाळ्यात ते बंद पडले तर काही तासांत नळांतले पाणी गोठू लागते.

कार्यशाळेत झाकणे काढून ठेवलेल्या फर्नेसची रांग होती. पटावर अठरा जण होते. हजर होते चार.

शिक्षक साठीच्या घरातले. निम्मे आयुष्य लोकांच्या तळघरांत घालवून मग शिकवायला आलेले. मला पाहून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत झाले. ते असे होते.

“मॅडम प्रेसिडेंट! प्रेताचे दर्शन घ्यायला आलात?”

“वर्ग पाहायला आले. बाकीचे कुठे आहेत?”

त्यांनी त्या चौघांकडे पाहिले. एकजण तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता.

“सांगा रे यांना. प्रेसिडेंट विचारताहेत, या थंडीत फर्नेस शिकणारी पोरे कुठे असतील.”

“कामावर,” हसणारा म्हणाला. “माझा मालक आजारी आहे, म्हणून मी इथे.”

“बाहेर उणे चोवीस आहे,” शिक्षक म्हणाले. “अर्ध्या गावाचे फोन वाजताहेत. ही मुले दिवसभर कंपन्यांत उमेदवारी करतात आणि संध्याकाळी इथे शिकतात. थंडी पडली की मालक त्यांना सोडत नाहीत, आणि सोडूही नये. तुमचा माणूस मोजायला आला तेव्हाही अशीच थंडी होती. पाच मोजून गेला.”

“तुम्ही हे आधी का कळवले नाही?”

“कळवले की. फॉर्मवर शेरा लिहायला दोन इंचांची जागा होती. मी लिहिले, ‘थंडी आहे.’ तुमच्या ऑफिसला वाटले असेल, म्हातारा हवामान सांगतोय.”

चौघेही मोठ्याने हसले. मला हसू आले नाही. ज्या आठवड्यात या वर्गाची गावाला सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यात माझा नियम तो रिकामा ठरवत होता. दोन इंचांची ती जागाही मीच आखून दिली होती.

“उन्हाळी टायर लावून बर्फावर गाडी किती घसरते ते पाहायचे, आणि गाडीच वाईट म्हणायचे,” ते थोड्या मऊ आवाजात म्हणाले. “मी पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे, माझे काही अडत नाही. पण या मुलांचे परवान्याचे तास अर्धे झालेत. उरलेले कुठे करतील? टोरोंटोला जाऊन? कामावरून सुटल्यावर?”

त्यांचे म्हणणे मला पटले होते. तरीही पटणे म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्गात मुलांना फळ्यावर लिहून दाखवत असे. मी त्यांच्याकडे हजेरीची वही मागितली. त्यांनी ती दिली, पण आधी कव्हरवरचे ग्रीस बाहीला पुसले.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती वही उघडून मी एका कागदावर तीन रकाने आखले: पहिल्या दोन रकान्यांत तारीख आणि हजेरी. तिसऱ्या रकान्यात त्या दिवशीचे तापमान. यजमान एका टेलिकॉम कंपनीतून निवृत्त झाले आहेत. आकड्यांना ते स्वस्थ बसू देत नाहीत. चहाचा कप घेऊन ते मागे येऊन उभे राहिले.

“मास्तरीणबाई, पेपर तपासताय की काय?”

“स्वतःचाच.”

“किती मार्क?”

“अहो, वाचा तरी.”

ते वाकून वाचू लागले. सप्टेंबरात वर्ग भरलेला, ऑक्टोबरात भरलेला, डिसेंबरच्या पहिल्या मोठ्या थंडीला निम्मा. थंडी ओसरली की पुन्हा भरलेला. जानेवारीअखेर तळाला.

“नियम तूच केलास. आता तूच मोडणार?”

“मोडत नाही. दुरुस्त करते आहे.”

“मंडळाला दोन्ही सारखेच दिसेल, अगं. सही तुझी आहे.”

“म्हणून तर मीच सांगायला हवे.”

ते कप विसळायला गेले. मात्र निघताना माझ्या गाडीवरचा बर्फ त्यांनी आधीच झाडून काढलेला होता. एरवी त्यावरून आमच्यात वाद होतो.

ऑफिसात मी दोन कामे केली. पहिले, तीच पट्टी उरलेल्या दोन वर्गांना लावली. त्यांच्याही सप्टेंबरपासूनच्या हजेऱ्या मागवल्या, कारण एकाला सवलत आणि दुसऱ्याला नियम, असे करता येत नाही. ते दोन्ही वर्ग शरद ऋतूतही रिकामेच होते. दुसरे काम म्हणजे गणतीच्या दिवशी गैरहजर असलेल्या तेराही जणांना मी स्वतः फोन केले. त्यातली एक मुलगी दुपारी फोनवर भेटली.

“कॉलेजातून? कोण बोलतेय?”

“प्रेसिडेंट.”

क्षणभर नुसता धातूवर धातू आपटल्याचा आवाज. “मी नापास झाले का?”

“नाही. गणतीच्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता, एवढेच विचारायचे आहे.”

“गणती कसली? मी आत्तासुद्धा तळघरात आहे, मॅडम. वर जिन्यावर एक आजी ब्लँकेट गुंडाळून बसल्यात आणि मला सूचना देताहेत.” मग फोन दूर धरून ती ओरडली, “नाही आजी, तो पाइप पाण्याचा आहे, त्याला हात लावू नका!”

तेरापैकी अकरा जणांनी आपण कामावर होतो असे सांगितले. एक खरोखरच आजारी होता. एकाने प्रामाणिकपणे कबूल केले की तो हॉकीचा सामना पाहत होता. हे दोघेही मी जसेच्या तसे लिहून ठेवले; हॉकीवाला वगळला असता तर कागद जास्त चांगला दिसला असता, पण तो कागद खोटा झाला असता.

संध्याकाळी उपाध्यक्षांना सगळे दाखवले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“तर्क ठीक है। पर एक निकालेंगी, तो बाकी दो लाइन में खड़े हो जाएँगे।”

“उभे राहू देत. त्यांच्यासाठीही हेच तीन रकाने आहेत.”

“और अगले साल आपका कॉन्ट्रैक्ट रिन्यू होना है। बोर्ड को अपनी ग़लती अपने मुँह से बताना... सोच लीजिए।”

“विचार करून झालाय. उद्या तुम्ही माझ्या शेजारी बसणार का, तेवढे सांगा.”

त्यांनी उसासा टाकला. “बैठूँगा। पर बोलूँगा नहीं।”

गुरुवारी मंडळासमोर मी पाच मिनिटांत सांगितले. यादीतील तिसरी शिफारस मी मागे घेत आहे. तिची कारणे कागदावर आहेत. चूक नियमात आहे आणि नियम माझा आहे. मंडळाच्या अध्यक्षा एका रुग्णालयाच्या निवृत्त प्रशासक. त्या गुळमुळीत बोलत नाहीत.

“म्हणजे मागच्या शुक्रवारी तुम्ही आम्हाला चुकीचा कागद पाठवलात.”

“हो.”

“आणि आज बरोबर पाठवलाय, हे कशावरून?”

“वही सोबत आहे. हवी तर आपण तपासावी.”

त्यांनी खरेच वही मागून घेतली आणि चष्मा लावून पाने उलटली. ग्रीसचे डाग पाहून नाक मुरडले, पण प्रत्येक पान पाहिले. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका सदस्याने, जो वर्षभरात क्वचितच बोलतो, विचारले: “हा नियम किती वर्षे आहे?”

“आठ.”

“या आठ वर्षांत याच नियमाने थंडीमुळे आणखी किती वर्ग बंद केले?”

तो प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. बुधवारचा सबंध दिवस रकाने आखण्यात गेला आणि चौथा रकाना मला सुचला नाही. शेजारी उपाध्यक्ष खाली पाहत होते.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पुढच्या बैठकीआधी शोधून लेखी देईन.”

मतदान झाले. फर्नेसचा वर्ग पुढच्या वर्षी चालेल. गणती वर्षभराच्या हजेरीवरून होईल. नवा नियम मार्चमध्ये मंडळापुढे येईल. बाकीचे दोन वर्ग बंद झाले. फुलांच्या वर्गाच्या शिक्षिकेला मी स्वतः जाऊन सांगितले. तिने विचारले, “फर्नेसवाल्यांना वाचवलेत, मग आम्हाला का नाही?” मी तिला तिच्याच हजेरीचा कागद दाखवला. तिने तो पाहिला, घडी घालून परत दिला, आणि माझे आभार मानले नाहीत. तिने ते मानावेत अशी अपेक्षाही नव्हती.

शुक्रवारी मी दुपारच्या तिन्ही बैठका पुढे ढकलल्या आणि बेसमेंटमधल्या दप्तरखान्यातून आठ वर्षांच्या गणतीपत्रकांच्या फायली वर मागवल्या. चार वाजेपर्यंत एक वर्ग सापडला. बर्फ हटवणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचा, सहा वर्षांपूर्वी बंद केलेला. गणतीच्या दिवशी तीन डोकी. शेऱ्याच्या दोन इंचांत लिहिले होते: “काल रात्रभर बर्फ पडला.” खाली माझी सही.

त्या वर्गाचे शिक्षक निवृत्त होऊन गावातच राहतात, असे कळले. क्रमांक मिळवून मी फोन लावला, मी कोण ते सांगितले, आणि कशासाठी फोन केला तेही.

ते म्हणाले, “सहा वर्षांनी?”

“सहा वर्षांनी.”

“आता काय करणार? वर्ग पुन्हा काढणार?”

“ते आज सांगता येणार नाही. त्या वर्षाची हजेरी तुमच्याकडे असेल तर मला पाहायची आहे.”

“आहे ना. बायको रोज म्हणते टाकून दे,” ते म्हणाले. “सोमवारी या. सकाळी लवकर. आणि येताना मोठी खोकी आणा, वह्या पुष्कळ आहेत.”

सोमवारची साडेसातची बैठक मी दहाला ढकलली.